ओढणीच्या टोकाची गाठ

कोमो सरोवराच्या काठावरच्या एका गावात आम्ही नवरा-बायको आठवडाभर राहिलो. कार्यक्रम ठरवलेला नव्हता. सकाळी खिडकी उघडून पाणी पाहायचं, चहा घ्यायचा, फेरीबोटीनं समोरच्या एखाद्या गावी जायचं, तिथली जुनी हवेली आणि तिची बाग पाहून ऊन उतरायच्या आत परतायचं. पुढचा मुक्काम व्हेनिसला, कालव्यांच्या काठी होता. मी वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यानंतरचा हा आमचा पहिला मोठा प्रवास.

पहिल्या दिवशी काठावर उभं राहून पत्नीनं मत दिलं. "माकणीच्या धरणावानीच हाय की. डोंगर तेवढे लई उंच."

ती उमरग्याची, लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातली. माहेरी निम्मं बोलणं कानडीत चालतं. लहानपणी गुरूंनी दिलेलं इष्टलिंग ती चांदीच्या छोट्या डबीत, दोऱ्यानं गळ्यात घालते. रोज आंघोळीनंतर ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करते आणि मगच खाते. ते अंगावर नसेल तर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, असा तिचा नेम आहे. मी हे सारं सोडून बरीच वर्षं झाली. त्यावरून आमच्यात कधी वाद झाला नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी बोटीत बसल्यावर डबीचा दोरा तुटला. जुना होता, विरला होता. तिनं आमच्याकडची कुठलीही बाई करते तेच केलं. डबी कापडाच्या टोकात ठेवली, गाठ मारली आणि निर्धास्त झाली. पण ते कापड साडीचा पदर नव्हतं. प्रवासासाठी सुनेनं आग्रहानं पंजाबी ड्रेस दिले होते आणि गाठ ओढणीला मारली होती.

पाण्यावर गार वारा सुटला. तिनं स्वेटर घातला. ओढणी मध्ये येत होती म्हणून काढून बाकाच्या पाठीवर टाकली. तेवढ्यात हवेलीचा धक्का आला. सगळे उठले, आम्हीही पिशवी घेऊन उतरलो.

हवेलीच्या पायऱ्या थेट पाण्यापासून वर चढतात. आम्ही कारंज्यापर्यंत गेलो होतो. मी नळदुर्ग किल्ल्यातल्या पाणीमहालाची आठवण काढली. मागं वळून पाहिलं तर ती छातीवर हात ठेवून उभी होती.

"अहो, ओढणी."

बोट तोवर सरोवराच्या मध्यावर पोचली होती.

ती रडली नाही. खाली उतरेपर्यंत तिनं सगळं ठरवलं होतं. "न्हाय सापडलं तर आजच विमान बघा. व्हेनिस न्हाय का काय न्हाय. गुरूंकडनं दुसरं घेईस्तोवर मी काय खात न्हाय."

"उमरग्याला पोचायला किती वेळ लागतो, माहीत आहे ना?"

"तुमी तुमचं खाऊन घ्या. तुमची गोळी हाय. माझ्यासाठी साखर कमी करून घेऊ नका."

धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत एक प्रौढ बाई होती. मी मोबाइलमधल्या भाषांतराच्या सोयीनं सांगितलं की ओढणी बोटीत राहिली. तिनं खांदे उडवले. संध्याकाळी कचेरीत चौकशी करा, असं उत्तर आलं. मी पुढं सांगितलं की तिच्या टोकाला चांदीची डबी बांधलेली आहे.

"डबी काय सांगताय?" पत्नी मागून म्हणाली. "लिंग सांगा की."

"तिला कसं कळणार?"

"मग देव सांगा. देव तर त्यांच्याकडं बी आसंल."

मी मोबाइलला तसं सांगितलं. माझ्या बायकोचा देव बोटीत राहिला आहे आणि तो मिळेपर्यंत ती जेवणार नाही. मोबाइलनं ते इटालियनमध्ये मोठ्यानं म्हटलं. रांगेतले दोघं मागं वळले. खिडकीतल्या बाईनं पत्नीकडं पाहिलं, हसली नाही, आणि फोन उचलला. बोलणं लांबलं. मग तिनं खूण करून सांगितलं की बोट टोकाला जाऊन याच धक्क्यावर परत येईल, थांबा.

आम्ही पायऱ्यांवर बसलो. बरोबर आणलेल्या धपाट्यांतलं अर्धं मी तिच्याकडं पाठ करून खाल्लं.

"पाठ कशाला करताय? मी काय मागणार हाय का?"

"तुला वास येऊ नये म्हणून."

"शेंगाचटणीचा वास हितनं पार पल्याडच्या डोंगरावर गेलाय."

 पाण्यावर कुठलीही बोट दिसली की ती उठायची आणि आपली नाही असं दिसलं की बसायची. मी परतीच्या विमानांच्या वेळा पाहून ठेवल्या.

बोट आली तेव्हा तिचं नाव वाचण्याआधी आम्हाला ओढणी दिसली. दोर फेकणाऱ्या उंच कर्मचाऱ्यानं ती वाऱ्यानं उडू नये म्हणून कठड्याच्या आतल्या गजाला बांधली होती. त्यानं ती सोडली, घडी घालायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा तशीच बोळा करून पत्नीच्या हातात दिली. टोकाची गाठ तिनं मारली तशीच होती. कुणी उघडली नव्हती.

तिनं त्याला दोन्ही हात जोडले. त्यानंही जोडले, जरा जास्तच वर, कपाळाजवळ. 

तिनं सरोवराच्या पाण्यानं हात धुतले, लिंग काढून तळहातावर घेतलं, त्यावर ओंजळीतलं पाणी घातलं आणि डोळे मिटले. धक्क्यावरचे प्रवासी तिला वळसा घालून जात होते. मग तिनं ओढणीची किनार दातानं तोडून टरकन फाडली, तिचा दोरा वळला, डबीतून ओवला आणि गळ्यात बांधून दोनदा ओढून पाहिला.

"सूनबाईला सांगू नका."

"नवीन ओढणी होती."

"म्हणून तर दोरा पक्का हाय. द्या आता धपाटं."

तिनं राहिलेली सगळी धपाटी खाल्ली, बाटलीभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "चला, दाखवा तुमची हवेली." पण हवेलीचं दार तोवर बंद झालं होतं. आतल्या खोल्या आम्ही पाहिल्याच नाहीत. परतीच्या बोटीतून ती लांबवर मागं पडेपर्यंत पाहिली.

"बाहेरनं बी चांगलीच हाय," पत्नी म्हणाली. तिचा हात स्वेटरच्या आत, डबीवर होता.

व्हेनिसला ती सगळे दिवस साडी नेसली. कालव्यातल्या होडीत चढताना नावाड्यानं आधाराला हात पुढं केला, तर तिनं आधी पदर कमरेला खोचला आणि मग त्याचा हात धरला.