फुकटची कवळी

धाकट्या जावेला सरकारी दवाखान्यात फुकट कवळी मिळाली आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्याशा गोष्टीवरून? हो, एवढ्याशा. लग्न झाल्यापासून धाकटीचं माहेर, धाकटीची मुलगी, धाकटीच्या खिडकीत येणारं ऊन, सगळं हिच्या डोळ्यांत खुपत आलं होतं. आता त्यात बत्तीस दातांची भर पडली.

"एक पैसा घेतला नाही हो!" असं धाकटी पांढरेशुभ्र दात दाखवत दारोदार सांगत होती.

थोरली पडदे, अभ्रे शिवायची. दाढा गेल्या होत्या, पण वरखाली मिळून समोरचे सहा दात शाबूत होते. कात्री शेजारी पडलेली असली तरी बाई दोरा दातांनीच तोडायची. तिला या दातांचं काडीचंही कौतुक नव्हतं. कवळी हवी, तीही फुकटच हवी, म्हणून ती दवाखान्याच्या रांगेत जाऊन बसली.

डॉक्टरीण तरुण होती, पण समजावून सांगणारी होती. "आजी, दात काढणं, भरणं इथे सगळ्यांना फुकट. एकही दात उरला नसेल तर पूर्ण कवळीही फुकट. तुमचे सहा आहेत, म्हणजे अर्धवट कवळी बसवायची. तिच्या सामानाचा खर्च पेशंटकडे."

"म्हणजे जिनं सगळे घालवले तिला बक्षीस, आणि मी राखले तर मला दंड?"

"तसं दिसतं खरं," डॉक्टरीण हसली.

"मग काढून टाका हे सहा."

"अहो, कशाला? थोडे हलतात, पण अजून खूप वर्षं साथ देतील. नुसत्या हिरडीवर कवळी नीट धरत नाही, खालची तर नाहीच." तिनं साफ नकार दिला.

घरी नवऱ्यानं कपाळाला हात लावला. "अगं, खर्च मी करतो की!"

"पैशांचा प्रश्नच नाही!" ती कडाडली. खरंच नव्हता. धाकटीला जे फुकट मिळालं ते मला विकत घ्यावं लागतंय, एवढंच तिच्या पोटात दुखत होतं.

पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. दात हलतात, ठणकतात, डोळ्याला डोळा लागत नाही, असं रडगाणं गायली. त्यांनी दात हलवून पाहिले तशी ती कळवळली. कळवळणं बाईला झकास जमायचं! निघाले बिचारे सहाही.

मग हिरड्या भरेपर्यंत तीन-चार महिने मऊ भात आणि पातळ सूप. नवरा समोर बसून कुरकुरीत काही खाऊ लागला की ती उठून आत जायची. पण शेवटी कवळी मिळाली, अगदी फुकट. ती बसवून बाईसाहेब दवाखान्यातून थेट धाकटीच्या दारात हजर.

धाकटीनं दार उघडलं आणि चटकन तोंडावर पदर धरला. गाल आत गेलेले, ओठ मिटलेले. तिची कवळी आत ओट्यावर वाटीभर पाण्यात पडली होती.

"आज न सांगता आलात, जाऊबाई," ती ओशाळून म्हणाली. "चार दिवस मिरवली, आता तुम्ही येणार असलात की घालते. एरवी नाही. टोचते मेली, घास चावत नाही, बोलायला गेलं की सुटते."

थोरलीची नजर ओट्यावरच्या वाटीकडे गेली.

"खरं सांगू? रागावू नका. तुम्ही दोरा तोडायचात ना, कटकन, तेव्हा माझा जीव जळायचा. या वयात स्वतःचे दात! म्हटलं, निदान तुमच्यासमोर तरी आपलं तोंड भरलेलं दिसावं. या ना आत. बोलत का नाही तुम्ही?"

जे ऐकायला थोरली आयुष्यभर आसुसली होती, ते आज धाकटीनं आपणहून सांगितलं. आणि तिची जीभ हलेना, कारण तोंड उघडलं की खालची कवळी उचलली जात होती.