शुक्रवारचा महावज्रठोसा

मला सुपरहिरो व्हायचं नव्हतं, पण सवलत मिळत होती.

मी अंबरनाथला आनंदनगरात एका रंगाच्या कारखान्यात खरेदी अधिकारी होतो. म्हणजे समोरच्याने भाव सांगितला की आधी हसायचं, मग उठायचं, आणि मागून हाक येईपर्यंत दाराशी चपला शोधत राहायचं. हे मी कारखान्यात पगारासाठी करायचो आणि घरी हौसेने! (आमच्या लग्नात मी मंगलाष्टकांचाही भाव केला, असं माझी बायको सुलभा अजून सगळ्यांना सांगते. साफ खोटं! दोन कडवी गाळली तर काय घ्याल, एवढंच मी भटजींना विचारलं होतं.)

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. सुलभाचा धाकटा भाऊ मिलिंद इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवरून आमच्या बदलापूरच्या घरी, मांजर्लीला, राहायला आला, तो एका इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स आणि मूठभर चित्रविचित्र फासे घेऊनच. खेळ असा, की मिलिंद गोष्ट सांगणार आणि आम्ही त्यातले सुपरहिरो. प्रत्येकाला शंभर पॉइंट. त्यातून ताकद, वेग आणि एक खास हल्ला विकत घ्यायचा. माझ्या दहा वर्षांच्या मंजूने आठवडाभर खपून 'विद्युल्लता' तयार केली. स्केचपेनने तिचं चित्र काढलं, मुकुटाला आईच्या टिकल्या चिकटवल्या. मिलिंदचा नियम मात्र कडक होता. हिरो मेला की त्याचा कागद फाडायचा!

माझी नजर अर्थात किमतींवर. सगळ्यात जबरदस्त हल्ला होता महावज्रठोसा. डोंगर फुटेल असा. ऐंशी पॉइंट!

"ऐंशी? काहीतरी वाजवी बोल."

"भावोजी, हे पुस्तक आहे, उल्हासनगरचं मार्केट नाही," मिलिंद म्हणाला. "पण अटी घातल्यात तर कमी होतात. ठोसा अमुक दिवशीच चालेल, तमुक केलं तरच चालेल, असं. जेवढी अडचण, तेवढी सवलत."

"अरे गाढवा, हे आधी नाही सांगायचं?"

मी पेन्सिल कानामागून काढली. पहिली अट, ठोसा फक्त शुक्रवारी चालेल. शुक्रवारी आमची एमआयडीसी बंद, म्हणजे खेळणार आम्ही शुक्रवारीच. वीस पॉइंट फुकटात सुटले! दुसरी अट, डोळे मिटून मारायचा. आणखी वीस. तिसरी, डावा पाय पाण्याने भरलेल्या बादलीत हवा. तीस!

"हे खरोखर करावं लागेल हं," मिलिंद म्हणाला. "नुसतं बोलून चालणार नाही."

"करू की! घरात बादल्यांना काय तोटा आहे?"

"बाबा, फार अटी होतायत," मंजू म्हणाली.

"तुला खरेदीतलं काही कळत नाही. अभ्यास कर."

ऐंशीचा ठोसा दहा पॉइंटांत! त्या रात्री मी घोरलो म्हणे.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी मिलिंदच्या गोष्टीतल्या लोखंडी विंचवाने विद्युल्लतेला नांगीत पकडून उकळत्या लाव्ह्यावर लटकवलं. मिलिंदने तिचा कागद दोन्ही हातांत धरला. "भावोजी, पाच मिनिटं!" मंजूचा खालचा ओठ थरथरायला लागला. "बाबा, ठोसा मारा ना!"

मी ऐटीत उठलो, मोरीत बादली लावली आणि नळ सोडला. नळ एकदा खोकला आणि गप्प झाला.

शुक्रवार! शुक्रवारी वीज बंद. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून टाकीत पाणी नाही. बदलापुरातलं शेंबडं पोर हे सांगेल! मी मात्र एकाच दिवशी कधी जमूच शकणार नाहीत अशा दोन अटी मोठ्या अकलेने पदरात पाडून घेतल्या होत्या. खिडकीबाहेर श्रावणातली उल्हास नदी दुथडी भरून चाललेली, आणि घरात पाय बुडेल एवढं पाणी नाही!

"सुलभा, एक बादली पाणी दे!"

"पिण्याचं एवढंसं आहे. हात लावून तर बघा! बायका यायला लागल्यात." त्या दिवशी आमच्याकडे श्रावणी शुक्रवारचं हळदीकुंकू होतं. मी शेजारी पळालो. कुलूप. वरच्या मजल्यावर पळालो. तिथेही कुलूप. असणारच! सगळ्या शेजारणी आमच्याच घरात बसल्या होत्या.

धापा टाकत परत आलो तर मिलिंदने कागदाला वरून बारीकशी चीर दिलेली. टर्र!

"बाबा!" मंजू किंचाळली. "गॅलरीत भरलेली बादली आहे!"

मी जागच्या जागी डोळे मिटले, भिंत चाचपडत गॅलरी गाठली, डावा पाय दाणकन आत घातला आणि ओरडलो, "महावज्रठोसाऽऽ!"

पाणी कोमट लागलं. वेलदोड्याचा वास आला. मी एक डोळा उघडला. माझी पोटरी दुधात होती, आणि दारात सुलभा, तिच्यामागे हळदीकुंकवाच्या अकरा बायका.

"अहो, ते दूध होतं! गार करायला ठेवलेलं!"

"भावोजी, नियमात पाणी लिहिलंय," मिलिंद शांतपणे म्हणाला. (मेव्हण्यांना देव लाज देत नाही.) "दूध नाही चालणार." चीर आणखी खाली सरकली. मंजू हुंदके द्यायला लागली.

"चालेल!" मी ओरडलो. "ह्यात दुधापेक्षा पाणीच जास्त आहे!"

सुलभा येणाऱ्या प्रत्येक बाईला जांभूळ गावच्या गवळ्याच्या घट्ट दुधाचं कौतुक सांगत होती. तो गवळी मीच ठरवला होता. "सायेब, या भावात परवडत नाय," असं तो चारदा म्हणाला होता. "कसं परवडवायचं ते तुझं तू बघ," मी म्हणालो होतो. त्याने बघितलं!

"पुरावा?" मिलिंदने विचारलं.

तेवढ्यात आमच्या शेजारच्या मीराभाभी पुढे आल्या. यांच्या मिस्टरांचं उल्हासनगरला मिठाईचं दुकान. त्यांनी खाली बसून एक थेंब नखावर घेतला. थेंब थांबलाच नाही, सरळ मनगटापर्यंत गेला.

"भाईसाब, ये तो पूरा पानी है! इसकी तो चाय भी नहीं बनेगी!"

"तरीच!" मागून एक बाई म्हणाल्या. "गेल्या शुक्रवारी प्यायले तेव्हा वाटलं, माझ्याच तोंडाला चव नाही."

सुलभाने डोक्याला हात लावला. मिलिंदने फासे टाकले, मान डोलावली. "ठोसा मंजूर!" विंचवाच्या ठिकऱ्या उडाल्या. मंजू धावत आली आणि तिने माझ्या कोरड्या पायाला घट्ट मिठी मारली. "बाबा, तुम्ही वाचवलंत तिला!" खरं सांगतो, मला भरून आलं. दुधात उभा राहून मी डोळे पुसले.

ही बातमी जांभूळला पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. पुढे कित्येक वर्षं तो गवळी रस्त्यात भेटला की सायकल थांबवून, चारचौघांत, मोठ्याने विचारायचा, "सायेब, पाय धुवाला किती लिटर लावू?"

आणि मी, जात्याच करंटा, आधी भाव विचारायचो!