डब्यातलं मीठ

रोज सकाळी रस्सा उकळला की आई डाव उचलायची, त्यातला एक थेंब डाव्या तळहातावर टाकायची, फुंकर मारून जिभेच्या टोकाने टिपायची आणि क्षणभर डोळे मिटायची. डोळे उघडले की पातेल्यावर झाकण. मग सगळ्यांनी समजायचं, स्वयंपाक झाला. नवरा गेल्यावर तिने एका कचेरीच्या तळमजल्यावर, दोन शेगड्या आणि एका गळक्या नळाच्या भरवशावर कॅन्टीन थाटलं होतं. त्यावरच एकुलती एक लेक शिकली. साहेबांपासून शिपायांपर्यंत सगळे तिला काकू म्हणत.

लेक आता गावातल्याच विमा कंपनीत नोकरीला होती आणि रोज आईने केलेला डबा न्यायची. थोडी रजा काढून तिने आईला मोठं शहर दाखवायला आणलं. आई आधी येईनाच. "कॅन्टीन कोण बघेल? तुझा काका?" शेवटी आली, पण स्वतःची उशी बगलेत मारून. लेक तिला कुठे नेऊ आणि काय खाऊ घालू असं करत होती. इतकं, की आईने विचारलंच, "काय गं, एवढे लाड? काही करून बसलीस की काय?"

लेक हसली आणि घाईघाईने दुसराच विषय काढला.

बघायचा आईला कंटाळा नव्हता. घड्याळाच्या मनोऱ्यावर ती गुडघे धरून, जिना बांधणाऱ्याचा उद्धार करत चढली आणि वर पोहोचल्यावर शहर सोडून लोकांच्या गच्च्यांवरची धुणी बघत राहिली. "ती चादर बघ, पिळलेलीच नाही बयेने." तळ्यावर होडीत बसली, तर काठ येईपर्यंत होडीवाल्याच्या सासूचं दुखणंखुपणं तिला पाठ झालं होतं. पण जेवायला बसली की विझायची. जिथे लोक रांगा लावतात तिथेही चार घास खाऊन म्हणायची, "छान आहे." सूप छान, मासा छान, शिळा निघालेला केकसुद्धा छान. लेकीला वाटलं, हिला दुसऱ्याच्या हातचं काही आवडायचंच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना वाढणाऱ्या बाईला एक दिवस आयतं गिळवत नाही, असंही वाटलं.

परतायच्या दिवशी दुपारी दोघी एका गल्लीतल्या खानावळीत शिरल्या. पहिल्याच घासाला लेकीला ठसका लागला. रस्सा नुसता खारट. मालकीणबाई स्वतः भात वाढायला आल्या आणि आईकडे वाकून म्हणाल्या, "कसं झालंय, मावशी?"

"छान आहे."

बाई खुशीत आत गेल्या. लेक दबक्या आवाजात तडकली. "छान? तोंडात धरवत नाहीये, आई! चेष्टा करतेस का सगळ्यांची?"

आईने चमचा ठेवला. "खारट आहे?"

"म्हणजे काय? तुला कळत नाही?"

"नाही गं," आई म्हणाली. "तो ताप येऊन गेला ना, तेव्हापासून काहीच कळत नाही. गोड नाही, आंबट नाही, फोडणीचा वाससुद्धा नाही. गरम की गार, तेवढं समजतं."

"मग कॅन्टीन?"

"हात चालतो सवयीने. थेंब घेते, डोळे मिटते, सगळं नाटक. भांडीवालीला चाखायला लावते, पण ती मेली कशालाही झकास म्हणते. आणि लोकांना कसं सांगू? ज्या बाईला चव नाही, तिच्या हातचं कोण खाईल?" मग म्हणाली, "एका गोष्टीचा धीर होता. म्हटलं, आपली पोरगी फटकळ. रोज डबा नेते. बिघडलं असतं तर पहिल्याच दिवशी येऊन भांडली असती. तू गप्प, म्हणजे माझा हात अजून ठीक आहे."

लेकीने हातातला घास परत ताटात ठेवला. डबा खारट लागायला लागला तेव्हा तिने आधी तो टाकून दिला होता. मग रोज ऑफिसच्या वॉचमनकाकांच्या हातात ठेवून ती मैत्रिणींबरोबर बाहेर जेवायला जायची. संध्याकाळी रिकामा डबा बघून आईचा चेहरा खुलायचा, आणि तो चेहरा सहन होईना म्हणूनच ही सहल काढली होती. विचारायला काय झालं होतं? आई थकत चालली असेल, हे तिला ऐकायचंच नव्हतं.

'ठीकच आहे' हे शब्द अगदी ओठांवर आले. पण मग आई पुन्हा त्याच भरवशावर शेगडीपुढे उभी राहिली असती.

"आई, मी डबा खात नव्हते."

"मग रिकामा कसा यायचा?"

"वॉचमनकाकांना द्यायचे. ताप गेल्यापासूनच. खारट असायचं गं. रोज नाही, पण बरेचदा."

आई वाटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. तिने चारचौघांत एक ठेवून दिली असती तरी लेकीला बरं वाटलं असतं.

"म्हणजे कॅन्टीनमधलेही गपचूपच खात होते," आई अखेर म्हणाली. "काकूंना कोण बोलणार!"

तिने वाटी बाजूला सारली.

"सोमवारी ऑफिसच्या आधी कॅन्टीनला ये. चाखायचं आणि जे असेल ते तोंडावर सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून गोड बोललीस, तर डाव घालीन डोक्यात."

"येईन."

आईने खुर्चीवरची पर्स उचलली, काखेला अडकवली आणि उठता उठता थबकली.

"त्या वॉचमनला बीपी वगैरे नाही ना गं? विचारून ठेव."