मॅनसचा आखडता हात

मॅनस गिलहूली,

तू गेलास त्याला आता वर्ष होईल. आपल्या लीट्रिम परगण्यातली माणसं तुझ्याबद्दल जे बोलतात ते ऐकून माझं डोकं फिरतं. म्हणे, म्हातारपणी हट्ट धरला आणि बायकोला राबवलं. तू असतास तर हसून पाइप पेटवला असतास. मला मास्तरणीला तेवढा धीर नाही. तेव्हा जे झालं ते, झालं तसं लोकांसाठी लिहून टाकते. तुला आवडलं नाही तर माझा नाइलाज आहे.

मॅनसची जमीन तीस एकर, आणि सगळी चिबड, पाणी धरून राहणारी. लव्हाळे काढून काढून माणूस थकतो, लव्हाळे थकत नाहीत. अशा रानात वासरू हाडापेरानं वाढतं, पण अंगानं भरत नाही. म्हणून दीड वर्षाचे खच्ची गोऱ्हे ऑक्टोबरच्या बाजारात पूर्वेकडच्या मीथ परगण्यातल्या शेतकऱ्यांना विकायचे, ही इथली रीत. त्यांची जमीन कोरडी. ते त्याच गोऱ्ह्यांना आणखी काही महिने चारून गुबगुबीत करतात आणि मांसाच्या कारखान्याला देतात. मॅनसच्या आज्यानं अर्धवट पोसलेलीच जनावरं विकली, बापानं विकली, त्यानंही विकली. वाढवायचं यांनी, वाहवा त्यांची.

एकाहत्तराव्या वर्षी त्याला वाटलं, एकदा तरी आपलं जनावर शेवटपर्यंत आपणच पोसून बघावं. बारा गोऱ्हे होते, आणि असे देखणे त्याच्या दावणीला कधी झाले नव्हते.

“आधी तुझे गुडघे बघ,” त्याची बायको नोरा म्हणाली. “हिवाळाभर दिवसातून दोनदा गोठ्यात कोण वाकणार?”

“तुला कुणी बोलावलंय? तू बस शेगडीपाशी.”

“बसते की. शेणात पडलास म्हणजे उठवायला मीथवाल्यांना हाक मार.”

“विकणार नाही असं म्हणालो का मी? नेतो बाजारात. बघू भाव काय येतो.”

लिलाव पुकारणाऱ्याच्या शेजारी ओट्यावर मालकानं उभं राहायचं असतं. बोली थांबली की मालकानं मान हलवायची; हलवली तर सौदा, नाही तर जनावरं परत घरी. त्या दिवशी भाव चढत चढत असा गेला की कुंपणाला टेकलेले शेजारी सरळ उभे राहिले.

“मॅनस, द्यायचे ना?” पुकारणाऱ्यानं विचारलं. मग पुन्हा, “अरे मॅनस, जागा आहेस ना?”

मॅनसची मान हलली नाही. नंतर तो शपथेवर सांगायचा की हलवायची होती, पण मानेचं लाकूड झालं होतं. भरलेला ट्रेलर परत आलेला पाहून नोरा एवढंच म्हणाली, “चहा गार झालाय.”

हिवाळ्यात गोऱ्हे गोठ्यात आले. मुरघास, म्हणजे आंबवून साठवलेला हिरवा चारा, भरपूर होता, जवाचा भरडाही आणला. पोसायच्या जनावराला एक दिवससुद्धा कमी घालून चालत नाही, हे मॅनसला तोंडपाठ होतं. पण हाताला साठ वर्षांचं वळण. अर्धवट विकायचं जनावर हिवाळ्यात जेमतेम तगवायचं, पुढचं वसंतातलं गवत बघून घेईल, हे त्या हातानं बापाकडून उचललेलं. तो बादली भरायचा आणि दोन ओंजळी परत पोत्यात टाकायचा. आपण असं करतोय हे त्याच्या ध्यानातही यायचं नाही.

फेब्रुवारीत कारखान्याचा माणूस आला. चरबी धरलीय का बघायला शेपटीच्या मुळाशी चाचपलं, बरगड्या चाचपल्या. म्हणाला, “सांगाडा झकास आहे, मालक. त्यावर मांस कधी चढवताय?”

मॅनस शेणाच्या बुटांनिशी स्वयंपाकघरात येऊन बसला. “गुरुवारी नेऊन विकतो,” म्हणाला. “आमचं अर्धवट ते अर्धवटच.”

नोरा बुटांवरून ओरडली नाही. तिनं विचारलं, “बादली कुठंय?”

“तू कशाला—”

“चहात साखर घालतोस तसा खुराक घालतोस तू! चार दाणे, आणि वर चमचा झटकायचा! ऊठ. शेण तू काढ, मुरघास तू ओढ. वाढायचं काम माझं.”

तिच्या टेबलावर जेवलेल्यांना मी काय सांगू? नको म्हणून ताटावर आडवा धरलेला हात ती सरळ बाजूला सारते. गोऱ्ह्यांना तर नको म्हणता येत नव्हतं. बायकोला राबवलं म्हणणाऱ्यांपैकी एकानं तरी तिच्या हातची ती बादली काढून घेऊन दाखवायची होती.

मे महिन्यात तोच माणूस पुन्हा आला. शेपटीच्या मुळाशी त्याची बोटं रुतली. तो म्हणाला, “हं.” इथं यापलीकडे कुणी कुणाचं कौतुक करत नाही. बाराच्या बारा ट्रकमध्ये चढले आणि मॅनस गोठ्यामागं जाऊन बराच वेळ नाक शिंकरत बसला. खर्च जाऊन हाती फारसं काही उरलं नाही, आणि घरात कुणी ते विचारलंही नाही.

पुढच्या ऑक्टोबरात, मॅनस, तू नवे गोऱ्हे पुन्हा बाजारात नेलेस आणि बोली थांबायच्या आतच मान हलवलीस. खाली उतरून मला म्हणालास, “मास्तरीणबाई, तुमची गाडी मीथपर्यंत जाईल का? ते गवत एकदा डोळ्यांनी बघायचंय. आता बघितलं तरी राग नाही यायचा.”

मी म्हटलं, मंगळवारी जाऊ. मंगळवारी तुझं कुंपण पडलं. पुढच्या मंगळवारी माझी दाढ दुखली. तिसऱ्या मंगळवारी धुकं होतं, आणि चौथ्या मंगळवारी आम्ही सगळे काळे कपडे घालून तुझ्याच दारात उभे होतो. मीथ इथून दीड तासावर आहे.