गुडघ्याच्या गाण्यासाठी स्पीकर

बाईंचं खरं नाव दवाखान्याच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नसे. सगळे त्यांना मोजणीबाईच म्हणायचे. त्यांचा फिजिओथेरपीचा दवाखाना म्हणजे दोन खाटा, भिंतीला लावलेली कप्पी आणि दोरी, कितीही पेडल मारलं तरी जागची न हलणारी एक सायकल आणि दारातूनच नाकात शिरणारा मलमाचा वास. पेशंट खाटेवर उताणे झोपायचे आणि बाई मोजायच्या. "एक. पाय उचला. धरा, धरा, धरा. आता सावकाश सोडा. दोन." हे असं दिवसभर. घरी भाजी चिरतानाही त्यांच्या ओठांवर आकडे असायचे. नवरोबा म्हणायचे, "अगं, त्या फ्लॉवरला तरी सुट्टी दे."

इतकी वर्षं मोजून मोजून शेवटी गळ्यानं संप पुकारला. घशाच्या डॉक्टरनं आत बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, "बोलणं कमी करा."

"मी बोलत नाही हो, नुसती मोजते."

"मग मोजणं कमी करा."

मोजणीबाईंनी मोजणं कमी करायचं म्हणजे उरलं काय? दोन दिवस त्या खडूनं पाटीवर आकडे लिहून पेशंटना दाखवत राहिल्या. पण उताण्या झोपलेल्या माणसाला छत दिसतं, पाटी दिसत नाही. मग त्यांना एक युक्ती सुचली. लग्नाआधी काही वर्षं त्या कीबोर्ड शिकल्या होत्या. घराच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाला खेटून, तो कीबोर्ड कापडाखाली पडून होता. लेकीनं नवा लॅपटॉप घेतल्यावर जुना इथेच टाकला होता. बाईंनी एक साधा माइक आणला आणि गाणी करायला बसल्या. खाली ढोलाचा संथ ठेका, वर घंटीसारखा नाजूक सूर आणि मधूनमधून बाईंचा रेकॉर्ड केलेला आवाज, "उचला", "धरा", "सोडा". पहिलं झालं ते गुडघ्याचं गाणं. त्यामागोमाग खांद्याचं. एकदा रेकॉर्ड केलं की गळ्याला आराम.

आता हे कसं झालंय ते ऐकायचं कशावर? घरात स्पीकर होते, आणि कसले होते! नवरोबांनी लग्नाच्याही आधी घेतलेले, कपाटाएवढे दोन. नवरोबांचं चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्या स्पीकरवर जीव ओवाळून टाकायचा. त्यांच्यावर कुणी फुलदाणी ठेवलेली त्यांना खपत नसे. लेक लहानपणी एकदा त्यावर चढून बसली होती, तर आधी त्यांनी स्पीकरला काही झालं नाही ना ते पाहिलं होतं. बाईंनी लांब वायर टाकून लॅपटॉप त्या स्पीकरना जोडला आणि गुडघ्याचं गाणं लावलं. ढोल असा घुमला की कपाटातले कप किणकिणले. बाईंना वाटलं, फारच झालं. त्यांनी ढोल कमी केला. मग आणखी कमी केला. मग छान वाटलं. नवरोबाही मान डोलावून म्हणाले, "क्या बात है. स्पीकर कुणाचे आहेत शेवटी!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या फळीवरच्या छोट्या स्पीकरवर गाणं लागलं, आणि ढोल गायब. नुसती घंटी किणकिणत होती आणि तिच्यात बाईंचे शब्दही मधूनच बुडत होते. एका खाटेवर निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी "उचला" ऐकून पाय उचलला खरा, पण पुढचं काही कळेना. पाय हवेतच.

"बाई," ते छताकडे बघत म्हणाले, "हा पाय खाली कधी आणायचा, तेवढं तुमच्या गाण्याला विचारता का?"

शेजारच्या खाटेवरच्या काकूंना ती घंटी इतकी मानवली की त्या घोरायलाच लागल्या. बाईंनी आवाज वाढवला तर घंटी कानात टोचायला लागली आणि काकू दचकून उठल्या.

त्याच आठवड्यात खांदा धरलेला एक पेशंट आला. समारंभांना साऊंड लावायचा त्याचा धंदा होता. जड पेट्या उचलून उचलून खांदा गेला होता. बाईंनी खांद्यावर शेक ठेवला आणि मनातली खंत त्याच्यापुढे मांडली.

"घरी कशावर ऐकता?" त्यानं विचारलं.

"ह्यांच्या स्पीकरवर. चांगले माझ्या छातीपर्यंत येतात."

तो इतका हसला की शेकाची पिशवी घसरली. "अहो ताई, ते लाडावणारे स्पीकर. तुम्ही चिमूटभर ढोल टाकला तर ते पदरचा ओंजळभर घालणार. तुम्हाला वाटलं भरपूर झाला, म्हणून तुम्ही हात आखडता घेतला. इथला हा चिमुकला पदरचं काही घालत नाही. उलट थोडं खातोच."

"मग मी करू काय?"

"मॉनिटर स्पीकर घ्या. स्टुडिओत असतात ते. जे आहे ते तसंच सांगतात, गोड करून नाही. घरच्यापुरते बेताच्या किमतीतही मिळतात आता. खोली केवढी आहे?"

"इस्त्रीचं टेबल मांडलं की दार अर्धंच उघडतं."

"मग पाच इंची बस झाले. आठ इंची घ्याल तर गाण्याऐवजी खोलीच ऐकू येईल. आणि एक करा, दुकानदार लावेल ती गाणी ऐकू नका. तुमचं स्वतःचं लावा."

इथवर सगळं सोपं होतं. अवघड होतं ते नवरोबांना सांगणं. बाईंनी जेवताना, जितकं जपून सांगता येईल तितकं जपून सांगितलं, "अहो, तुमचे स्पीकर चांगलेच आहेत. फक्त ते खरं बोलत नाहीत."

नवरोबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे खोटं बोलतात?"

"वाढवून सांगतात, एवढंच."

"आजवर माझ्या घरात बसून त्यांनी एक शब्द खोटा सांगितलेला नाही." एवढं बोलून त्यांनी जे तोंड मिटलं, ते ताट उचलेपर्यंत उघडलं नाही. बाईंनीही समजूत काढली नाही. डॉक्टरनं बोलायला मनाई केली होती, ती अशी अधूनमधून कामाला येई.

पण नवरोबांचा रुसवा फार टिकणारा नव्हता. बायकोला चूक ठरवायचं म्हणून ते फोनवर मॉनिटर स्पीकरांची माहिती वाचायला बसले, आणि बघता बघता त्यातच बुडाले. दुकानात गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं आणि हे काउंटरखाली व्हिडिओ बघत असायचे. एक म्हणायचा, हाच घ्या, डोळे मिटून घ्या. दुसरा त्याच स्पीकरला नाकं मुरडायचा. तिसऱ्यानं तर त्याचा आवाज 'उबदार' असल्याचं सांगितलं. त्यावर बाई म्हणाल्या, "शेकायला हवं असतं तर मी दवाखान्यातूनच आणलं असतं." आठवडाभरात परिस्थिती अशी झाली की ज्यांना स्पीकर हवे होते त्या गप्प आणि ज्यांना नको होते ते बोलायचे थांबेनात. शेवटी बाईंनी कंटाळून सुट्टीच्या दिवशी त्यांना वाद्यांच्या दुकानात नेलं.

दुकानदार तरुण होता, केसांची शेंडी बांधलेला. त्यानं आधी दोघांकडे पाहिलं, मग दुकानातल्या सगळ्यात मोठ्या जोडीकडे हात केला. आठ इंची, वर निळे दिवे. त्यानं एक गाणं लावलं. अंगावर काटा आला.

"हे तर कशावरही छान वाजेल," बाई म्हणाल्या. "माझं लावा. आणि पाच इंची दाखवा, परवडतील असे."

त्यांनी पेन ड्राइव्ह पुढे केला. दुकानदाराला वाटलं, बाई गात असतील. त्यानं पाच इंचीच्या तीन जोड्या मांडल्या, बटण दाबलं, आणि दुकानभर आवाज घुमला, "उचला. धरा, धरा, धरा." पलीकडे गिटार बघत उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी गिटार चटकन वर उचलली आणि धरून ठेवली. "सोडा" ऐकल्यावर मात्र दुकानदार धावला.

तीन जोड्या ऐकून बाईंचा गोंधळ उडाला. प्रत्येक वेळी वाटायचं, हाच बरा. तेव्हा नवरोबा पुढे सरसावले. हे त्यांच्या धंद्यातलं होतं. त्यांनी बाईंना स्टुलावर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि दुकानदाराला खुणेनं जोड्या बदलायला लावल्या.

"आता सांग. हा बरा, का... हा?"

"परत."

"हा... का हा? घाई नाही. पापणी नको फडफडवू."

"डोळे मिटलेत, पापणी कसली फडफडतेय?"

"सवय आहे गं तोंडाला."

पहिली जोडी गोड होती. दुसरी नवरोबांच्या घरच्या स्पीकरची धाकटी बहीण असावी अशी, ठेका घुमवणारी. तिच्यावर नवरोबांचं मन बसलं होतं, कारण 'हा बरा' म्हणताना त्यांचा आवाज त्या जोडीला हमखास चढायचा. तिसरी जोडी तिघींत सगळ्यात स्वस्त, दिसायला काळी ठोकळेबाज. ती लागली आणि गाण्यातला सगळा थाट उतरला. ढोल जेमतेम वाजत होता, घंटी बोचत होती, बाईंच्या "धरा"च्या आधी घेतलेला श्वास ऐकू येत होता, त्यांच्या खुर्चीची करकर ऐकू येत होती. आणि त्या करकरीच्याही मागून, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा, बारीक पण स्पष्ट एक पुरुषी आवाज आला.

"अगं, माझा चष्मा कुठेय?"

बाईंनी डोळे उघडले. दुकानदारानं गाणं मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच. "अगं, माझा चष्मा कुठेय?"

"हे... गाण्यातच आहे?" दुकानदारानं अदबीनं विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "घरातलं आहे. रोजचंच."

गिटारवाले गृहस्थ तोंड फिरवून हसत होते. नवरोबांनी घसा खाकरला. "मला वाटतं, दुसरी जोडी एकंदरीत जास्त..."

"हीच द्या," बाई दुकानदाराला म्हणाल्या.

"पण ताई, तुम्हाला तर आवडली नाही वाटतं. तोंड कसं केलंत."

"म्हणून तर. बाकीच्या दोघी माझं कौतुकच करतायत. कौतुकाला घरी दोन कपाटं आहेत."

घरी परतताना नवरोबा खोकं मांडीवर घेऊन रुसून बसले होते. पण मागच्या खोलीत खोकं उघडल्यावर त्यांना राहवेना. स्पीकर कानाच्या उंचीला हवेत, भिंतीला चिकटून नकोत, दोन स्पीकर आणि ऐकणारीचं डोकं यांचा सारख्या बाजूंचा त्रिकोण व्हायला हवा. हे सगळं त्यांनी व्हिडिओत पाहिलेलं होतंच. ते मोजायची टेप घेऊन आले. इस्त्रीचं टेबल स्वयंपाकघरात गेलं. मग त्यांनी आपल्या चष्म्याच्या दुकानातला हातआरसा आणला, बाईंना खुर्चीत बसवलं आणि आरसा बाजूच्या भिंतीवरून सावकाश सरकवत नेला.

"यात स्पीकर दिसला की सांग. तिथूनच आवाज आपटून परत येतो."

"दिसला."

"नीट दिसला? कडा स्पष्ट?"

"अहो, स्पीकर बघायचाय, नंबर काढायचा नाहीये."

जिथे जिथे स्पीकर दिसला तिथे तिथे जाड रजया टांगल्या. खोली दिसायला धोब्याकडची झाली, पण घुमायची थांबली. बाईंनी गुडघ्याचं गाणं पुन्हा केलं. ढोल भरपूर वाढवला, त्याची काठी पडतानाची टक्क जरा पुढे आणली म्हणजे छोट्या स्पीकरलाही ती खाता येऊ नये, घंटी मागे सारली, आणि नवरोबांचा चष्मा गाण्यातून काढून टाकला.

दवाखान्यात आता पाय वेळेवर वर जातात आणि वेळेवर खाली येतात. काकू जाग्या असतात. मुख्याध्यापक तेवढे नाराज आहेत. पूर्वी ठेका ऐकू येत नव्हता तेव्हा चारवरून एकदम आठवर जाता येत होतं, आता गाणं सोडत नाही म्हणतात. बाईंचा गळाही सुधारला, घशाच्या डॉक्टरनं पाठ थोपटली.

पुढचं गाणं मानेचं. ते सुरू करायच्या आतच परवा नवरोबा मागच्या खोलीत येऊन खुर्चीच्या कडेवर बसले. दिवसभर स्क्रीन बघून लोकांचे डोळे शिणतात, दुकानात एक डोळ्यांच्या व्यायामाचं गाणं असावं, म्हणाले. आणि आवाज बाईंचाच कशाला हवा, डोळे तर नवरोबांच्या खात्यातले. बाईंनी माइक पुढे केला. "वर बघा, खाली बघा," नवरोबा भारदस्तपणे बोलले. बाईंनी ते लावून दाखवलं.

नवरोबा त्या काळ्या ठोकळ्यांपुढे वाकले. "हा मी आहे?"

"तुम्हीच."

"नाकात बोलतो मी?"

बाईंनी नुसतं आपल्या गळ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरनं गळा जपायला सांगितलंय. नवरोबांनी कोमट पाणी मागितलं, घसा साफ केला आणि पुन्हा "वर बघा" म्हणाले. तेही पसंत पडलं नाही. तेव्हापासून दुकान बंद करून आले की ते त्या खोलीत शिरतात आणि दार लावून घेतात. मानेचे पेशंट अजून गाण्याची वाट बघताहेत.