हात कुणी जोडायचे

गाव सोडलं तेव्हा कुणी रडलं नाही. माय रेल्वेच्या डब्यात बोचक्यावर बसली होती, मी तिला टेकून. आबा, म्हणजे माझे वडील, दारात उभे राहून परभणीचं स्टेशन मागे जाताना बघत होते. सोडायला आलेले थोरले काका एवढंच म्हणाले होते, "न्हाई जमलं तर माघारी या." आबांनी मान हलवली होती. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आजही सांगता यायचं नाही.

गावाकडच्या भावंडांनो, तुम्ही त्याच काकांची लेकरं. भेटलो की विचारता, का गेलात? रझाकारांच्या धामधुमीत कडब्याच्या गंजी जळाल्या, बैल गेले, पेवातली ज्वारी गेली. मग पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं, आपण देशात आलो, असं सगळे म्हणायला लागले. पण उरलेल्या शेतीवर दोन घरांची पोटं भरेनात, म्हणून धाकटं घर निघालं. आमच्यासारखेच निघालेले आणि आता अमेरिकेपर्यंत पांगलेले जे आहेत, त्यांनीही हे वाचावं. पोरांना मराठी वाचता येत नसेल, आणि येत नसणारच, तर मोठ्यानं वाचून दाखवा.

हैदराबादेत नल्लकुंट्याला दोन खोल्या मिळाल्या. आमच्याच भागातले, पण पिढ्यांपासून शहरात असलेले एक वकीलसाहेब जवळच राहायचे. त्यांच्याकडे मायला भाकऱ्या थापायचं काम लागलं. उरलेलं अन्न ती फडक्यात बांधून आणायची. आबा कामासाठी हिंडत होते. घरात रेशनच्या तांदळाच्या कण्या आणि तेलाशिवायची चटणी. माय म्हणायची, "आज चूल पेटली, बास झालं." आम्ही बास झालं म्हणायचो. परेशान होण्याइतकंही अंगात बळ नव्हतं बहुतेक.

गावी आमच्या ओसरीवर सुगीभर पंगत असायची. खळ्यावरचे गडी, वाटसरू, कुणीही. जेवण झालं की सगळे एका सुरात म्हणत, "अन्नदाता सुखी भव." आणि आबा हात जोडून त्यांना म्हणत, "काही कमीजास्त झालं आसंल तर गोड मानून घ्या." ही जेवू घालणाऱ्यानं बोलायची रीत. आबांच्या तोंडात ती इतकी बसली होती की बोलताना त्यांना विचार करावा लागत नसे.

वकीलसाहेबांच्या नातवाचं बारसं होतं. आबांनाही बोलावणं आलं. शेरवानीवाल्या पाहुण्यांच्या पंगतीत, अगदी शेवटच्या पाटावर ते बसले. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. जेवणं आटोपली, पंगत म्हणाली, "अन्नदाता सुखी भव." आणि आबांनी पाटावरून उठून, हात जोडून, मोठ्यानं म्हटलं, "काही कमीजास्त झालं आसंल तर गोड मानून घ्या."

कुणीतरी हसलं. खुद्द वकीलसाहेब हात जोडून उभे होते. ते हसले नाहीत, त्यांनी फक्त हात खाली घेतले. स्वैपाकघराच्या दारात भाकऱ्यांची टोपली घेऊन माय उभी होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि चपला न घालताच ते घरी आले.

त्या दिवसापासून मायनं आणलेलं अन्न त्यांनी सोडलं. तिनं घरी रांधलेलंही खाईनात. "भूक न्हाई." अफझलगंजच्या एका आडतीत पोत्यांची तोंडं शिवायचं काम त्यांना मिळालं होतं. तिथं मूठभर फुटाणे खाऊन दिवस काढायचे. बंडी त्यांच्या अंगावर लोंबायला लागली. माय भांडली नाही. रोज ताट वाढायची, झाकून ठेवायची, सकाळी आम्हीच ते खायचो. बाप असा डोळ्यांदेखत वाळत चालला होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. आता हे लिहितानाही फारसं वाटत नाही. सगळं आटून गेल्यासारखं झालं होतं.

एका संध्याकाळी माय आली ती उजवा हात पदरात लपवून. वकिलांकडे तव्यावर तळवा भाजला होता. तरी ती चुलीपुढे बसली आणि तळवा न टेकवता, नुसत्या बोटांनी भाकरी थापायला लागली. भाकरी वेडीवाकडी होत होती. आबा भिंतीला टेकून बघत होते. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी पाट ओढला आणि चुलीसमोर बसले. मायनं भाकरी वाढली. ती त्यांनी सगळी खाल्ली, ताटातला चुराही टिपून खाल्ला. हात धुतले. आणि जन्मात जिला नावानं हाक मारली नव्हती, त्या बायकोपुढे हात जोडून म्हणाले, "अन्नदाता सुखी भव."

माय चुलीकडेच बघत राहिली. मग रागावल्यासारखी म्हणाली, "आनखी अर्धी वाढू का?"

"वाढ."

मला तेव्हा काय वाटलं सांगू? माझी भाकरी कधी होते, एवढंच. त्या अर्ध्या भाकरीनं आमचं घर उभं राहिलं, हे कळायला मला स्वतःचा संसार करावा लागला. नंतर तुमच्या वडिलांनी शेतीचा वाटा देऊ केला, तरी आबा गेले नाहीत. "हौ, येतो की," म्हणायचे, अगदी हैदराबादी होऊन, आणि जायचे नाहीत.

तुमच्याकडे येते तेव्हा तुम्ही म्हणता, आपल्या घरी आलीस. मी हो म्हणते. तुमचं मन मोडायचं नसतं. नल्लकुंट्याच्या त्या दोन खोल्याही आता नाहीत. तिथं पाच मजली अपार्टमेंट झालं, खाली मेडिकलचं दुकान आहे. गुडघे दाखवायला दवाखान्यात जाते तेव्हा ऑटो त्याच रस्त्यानं जातो. बघून मला काही होत नाही, खरंच होत नाही. ती इमारत आली की ऑटोवाल्याला फक्त म्हणते, "भैया, यहाँ से जरा हल्लू चलाव."