मामाकडची वास्तुशांत

आईचं लग्न फसवून लावलं होतं, हे आम्हा दोघी बहिणींना लहानपणापासून माहीत होतं. ती स्वतःच सांगायची. दुपारी गहू निवडायला बसली की हटकून तो विषय निघायचा. सातवी पास झाल्यावर तिला मास्तरीण व्हायचं होतं. आजोबा म्हणाले, कळवणला मावशीकडे पापड करायचेत, चार दिवस मदतीला जा. ती गेली तर दारात मांडव. मावशीची मुलगी अजून पाळण्यात, मग लग्न कोणाचं, असं ती भाबडेपणानं विचारत राहिली. संध्याकाळी तिलाच हळद लागली. हे सांगून झालं की आमच्याकडे बघून म्हणायची, "तुमच्यावर ही पाळी मी येऊ देणार नाही."

त्या शब्दावर मी निर्धास्त होते. बाबा सातपूरला कारखान्यात फिटर होते. कॉलनीतल्या दोन खोल्यांत आम्ही चौघं राहत होतो. मॅट्रिक झाल्यावर मी डी.एड.ला नाव घातलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आईलाच झाला होता. आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. दिवाळीच्या सुट्टीत ती म्हणाली, देवळ्याला मामानं नवं घर बांधलंय, वास्तुशांत आहे, तू चल माझ्याबरोबर. शेजारणीची मोरपंखी साडी तिनं माझ्यासाठी मागून आणली. एवढं नटायचं कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, चार माणसं येतील, बरं दिसतं.

मामाच्या घरात ना होमाचा वास होता, ना पाहुण्यांची गर्दी. पडवीत फक्त चार-पाच अनोळखी चपला काढलेल्या. मामीनं पोह्यांच्या बश्यांचा ट्रे माझ्या हातात दिला, तेव्हा मला सगळं उमगलं. मी आईकडे पाहिलं. तिनं माझा पदर खांद्यावर सारखा केला आणि हळूच सांगितलं, "खाली बघून चाल."

स्वयंपाक येतो का, चष्मा आहे का, भावंडं किती, असं बघायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं. मी उत्तरं दिली. मामाच्या घरात, परक्या माणसांसमोर तमाशा करायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि ते आईला पुरतं ठाऊक होतं. पाहुणे गेल्यावर मामा खुशीत आपल्या अहिराणीत सांगत राहिला, "पोऱ्या चांगला शे. बँकमा नोकरी शे."

परतीच्या एसटीत मी तिला विचारलं, "तुला फसवलं तेव्हा कसं वाटलं होतं, ते तूच सांगायचीस ना?"

आई खिडकीबाहेर बघत होती. "म्हणून तर," ती म्हणाली. "आधी सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस. सुरुवातीला जड जातं. मग होतं अंगवळणी."

आजोबांना निदान आपण काय करतोय ते कळत नव्हतं, असं मी समजू शकत होते. आईला मात्र कळत होतं. कुठे दुखतं आणि माणूस कुठे गप्प बसतो, हे ती स्वतःवरूनच शिकली होती.

बाबा तरी माझ्या बाजूनं उभे राहतील, असं मला वाटलं. मी नको म्हटल्यावर ते चकितच झाले. तू तयार आहेस, असं आईनं त्यांना आधीच सांगून टाकलं होतं. तोवर मामानं तिकडे होकार कळवला होता. बाबा कॉटवर मान खाली घालून बसले. "आता शब्द गेलाय, बेटा," एवढंच म्हणाले.

उन्हाळ्यात लग्न झालं. डी.एड. पुरं करू द्या, असं मी सासूबाईंना आधीच सांगितलं होतं आणि त्या हो म्हणाल्या होत्या. लग्नानंतर "यंदा राहू दे" झालं, पुढच्या वर्षी मुलगी झाली. नवरा वाईट नव्हता. माझ्या मनात नव्हतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढे धाकटीही डी.एड.ला गेली. एकदा आईनं तिला सटाण्याला एका बारशाला चल म्हटलं. ती कपड्यांची पिशवी घेऊन सरळ माझ्या घरी आली आणि शेवटची परीक्षा होईपर्यंत राहिली. आई एकदा दारापर्यंत आली. माझ्याच मुली माझ्यावर उलटल्या, असं म्हणाली. चहा ठेवते म्हटलं, तर बसलीच नाही. सटाण्याला खरंच बारसं होतं की काय, ते मला आजही माहीत नाही.

धाकटीला हरसूलकडच्या एका शाळेत नोकरी लागली. बाबा गेल्यावर आई तिच्याजवळ जाऊन राहिली. मी एकदा गेले, तेव्हा आई तिच्या डब्यासाठी भाकरी थापत होती. शेजारणीला सांगत होती, आमच्या घरात शिक्षणाला पहिल्यापासून मान आहे. धाकटी शाळेत गेल्यावर आईनं मला विचारलं, "अजून राग आहे का गं?"

"आहे," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, पीठ मळायला घेतलं आणि मला जेवायला बस म्हणाली.